नुबारने शोधलेली शांतता

नुबारला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो चर्चमध्ये उताणा पडलेला होता.

माझ्या भाचीचं, शूशानचं लग्न होतं. आम्हा आर्मेनियन लोकांत लग्न लागताना नवरानवरीच्या डोक्यावर मुकुट ठेवतात, दोघं कपाळाला कपाळ टेकवून उभी राहतात आणि धर्मगुरू प्रार्थना म्हणतात. त्या दोन कपाळांच्या बरोबर खाली, फरशीवर, काळा सूट घातलेला एक जाडजूड माणूस छातीवर कॅमेरा धरून पडला होता. मला वाटलं, कुणाला तरी भोवळ आली. मी उठायला लागले तर बहिणीने हात धरून खाली ओढलं.

"बस गं. व्हिडिओवाला आहे तो."

"मग असा काय पडलाय?"

"कोन शोधतोय."

धर्मगुरूंनी प्रार्थना म्हणता म्हणता त्याला दोनदा ओलांडलं. पुढच्या वेळी त्यांच्या झग्याचा घोळ त्याच्या तोंडावरून फिरला, तरी पठ्ठ्या हलला नाही. चिकाटी होती, हे मान्य करायला हवं.

पुढे लग्नाचा व्हिडिओ आला. आम्ही सगळे शूशानकडे जमलो. पडद्यावर खालून दिसणारी दोन कपाळं, चार नाकपुड्या आणि वर गरगर फिरणारं झुंबर. आवाज म्हणाल तर सुरुवातीपासून शेवटापर्यंत व्हायोलिन. धर्मगुरूंनी काय विचारलं, नवऱ्याने काय उत्तर दिलं, शूशान 'हो' म्हणाली की नाही, काही ऐकू आलं नाही. तिने होकार दिल्याचा आजही कसलाच पुरावा नाही. तिचा नवरा भांडणात हा मुद्दा अधूनमधून काढतो.

मी नुबारला गाठून विचारलं, "अरे, तिचा होकार कुठे गेला?"

"बाई, ओठ हललेले दिसतात की."

"ओठ जांभई देतानाही हलतात."

त्याने डोळे अर्धे मिटले आणि मला कीव आल्यासारखं हसून म्हणाला, "बाई, सिनेमा ही डोळ्यांची कला आहे."

मी सगळा जन्म शाळेत शिकवण्यात घालवला. असं वाक्य असं डोळे मिटून म्हणणारी मुलं दर वर्षी एक-दोन तरी असायची. त्यांचा गृहपाठ झालेला नसायचा.

आमच्या ग्लेनडेलमध्ये आणि शेजारच्या, स्टुडिओंनी भरलेल्या बरबँकमध्ये सिनेमाशी संबंध नसलेला माणूस सापडणं अवघड. आमच्या नळवाल्याकडे पटकथा तयार आहे. आमचे दंतवैद्य बेद्रोस यांनी एका मालिकेत प्रेताचं काम केलं होतं आणि अजूनही दाढ काढताना ते त्याची आठवण सांगतात, तोंडात भूल असल्यामुळे आपल्याला काही बोलता येत नाही. या सगळ्यांत नुबार म्हणजे खराखुरा सिनेमातला माणूस. बरीच वर्षं त्याने एका स्टुडिओच्या ट्रकमध्ये दिवे चढवले-उतरवले, नंतर काही काळ तो कॅमेऱ्यापासून नटाच्या नाकापर्यंतचं अंतर टेपने मोजत असे, आणि मग कुणाशी तरी वाजल्यावर तो लग्नांकडे वळला. पण वागणं पहिल्यापासून मोठ्या दिग्दर्शकाचं. समोर काहीही असो, दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून तो त्यातून बघायचा. ताटातल्या भाताकडे बघायचा. बेद्रोसच्या वडिलांच्या दफनाच्या वेळी त्याने शवपेटीकडेही तसं बघितलं, तेव्हा बेद्रोस म्हणाले, "हवं तर जरा डावीकडे सरकवू का?" नुबार गंभीरपणे म्हणाला, "नको. सावली चांगली आहे."

त्याची आई अझनिव त्या लग्नानंतर माझ्या समोरच्या घरात राहायला आली. आमच्या इमारतीत एका लांब व्हरांड्यावर सगळ्यांची दारं उघडतात. तिच्या दारावर घोड्याची नाल आहे आणि माझ्या दाराशी कुंडी. तिची दृष्टी हळूहळू चालली होती. काठाकाठाने दिसायचं, पण ज्याच्याकडे बघावं तिथेच नेमका राखाडी डाग यायचा. त्यामुळे ती बोलताना माणसाच्या कानाकडे बघायची, म्हणजे निदान नाक तरी दिसे. कान मात्र असे, की व्हरांड्यात कोण आलं हे ती पावलांवरून सांगे.

"बाई, आज डावा गुडघा धरलाय वाटतं तुमचा," मी बेल वाजवायच्या आधी आतून आवाज यायचा.

एके दिवशी ती मला म्हणाली, "मी नुबारला एक गोष्ट सांगणार आहे. कॅमेऱ्यासमोर. एकदाच."

"कुठली?"

"मिहरानची."

मिहरान तिचा धाकटा भाऊ. बेरूतच्या लढाईत गेला, एवढंच मला माहीत होतं. त्याचा फोटो नाही, त्याची कबर कुठे आहे हे कुणाला ठाऊक नाही. अझनिव त्याचं नाव घ्यायची ती फक्त चर्चमध्ये मेणबत्ती लावताना.

"कुणाला सांगितली नाही आजवर," ती म्हणाली. "नवऱ्याला, खोरेनलासुद्धा नाही, आणि तो तर त्या गोष्टीत होता. पण कुठेतरी राहायला हवं ना त्या पोराचं काहीतरी. आणि नुबारचं म्हणणं, माझे डोळे आहेत तोवर व्हायला हवं. म्हणजे मला बघता येईल."

हे ऐकून मला नुबारबद्दल क्षणभर बरं वाटलं. क्षणभरच. कारण लगेच त्याचं सामान यायला लागलं.

अझनिवच्या स्वयंपाकघरात एक टेबल, चार खुर्च्या, चूल आणि एक जुना, ढेरपोट्या फ्रिज आहे. नुबारने तिथे गोल रूळ घातले. त्यावरून एक ट्रॉली जायची, ट्रॉलीवर नुबार, नुबारच्या खांद्यावर कॅमेरा, आणि मागून ढकलायला त्याचा मावसभाऊ गारो. रूळ बसावेत म्हणून भांड्यांचं कपाट व्हरांड्यात काढलं होतं. टेबलाच्या मधोमध अझनिव, नव्या ब्लाउजमध्ये, खेळण्यातली आगगाडी गोल फिरावी तशा त्या रुळांच्या आत अडकलेली. तिला उठून चुलीपर्यंत जायचं तरी रूळ ओलांडावे लागत.

आवाजासाठी ओफेलिया नावाची बाई आली होती. मेक्सिकन, पन्नाशीची, गळ्यात हेडफोन, आणि जीभ अशी की शाळेत असती तर तिला मी पहिल्या बाकावर माझ्या डोळ्यांसमोर बसवलं असतं. नुबारबरोबर तिने स्टुडिओत काम केलं होतं. त्यामुळे तिला त्याचं कौतुक नव्हतं.

आल्या आल्या ती म्हणाली, "फ्रिज बंद कर आणि गाडीच्या किल्ल्या आत ठेव."

मला वाटलं, काही विनोद आहे. पण या लोकांची ती रीतच आहे. कुणाच्या घरी चित्रण करायचं तर आवाजवाला आधी फ्रिज बंद करतो, कारण त्याची घरघर माईकमध्ये येते. काम झाल्यावर तो पुन्हा चालू करायचा राहून जातो आणि त्या घरचं मटण नासतं. म्हणून आपल्या गाडीच्या किल्ल्या फ्रिजमध्येच ठेवायच्या. किल्ल्यांवाचून घरी जाता येत नाही, आणि किल्ल्या घ्यायला फ्रिज उघडला की आठवतं.

"माझ्या किल्ल्या म्हणजे काय भेंडी आहे का?" नुबार म्हणाला. "आणि फ्रिज बंद होणार नाही. फ्रिजचा उजेड या दृश्याचा आत्मा आहे."

"कसला उजेड?"

"दार थोडं उघडं ठेवायचं. आतला पिवळा उजेड आईच्या गालावर पडतो. बघ."

त्याने बोटांची चौकट केली. ओफेलियाने त्या चौकटीतून न बघता फ्रिजला कान लावला.

"दार उघडं ठेवलंस तर हा आणखी जोरात घरघरेल. म्हाताऱ्या माणसाला जिना चढायला लावल्यासारखा."

"नंतर काढून टाक ना घरघर. त्यासाठीच यंत्रं असतात."

"घरघर काढायची यंत्रं असतात. डोकं घालायची नसतात."

रुळांच्या आतून अझनिव म्हणाली, "अरे, दार लावा त्याचं. दही आंबेल."

"आई, तू फक्त गोष्टीचा विचार कर."

"मी गोष्टीचाच विचार करतेय. दही मध्ये येतंय."

फ्रिज चालूच राहिला. दार चार बोटं उघडं राहिलं. गारोने ट्रॉली ढकलली, चाकांनी रुळांवर कुरकुर केली, आणि अझनिव बोलायला लागली.

ती गोष्ट मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. त्या दिवसांत बेरूतमध्ये वीज नसे. संध्याकाळी ती काळोखात बसून नवऱ्याची वाट बघायची. खोरेनच्या उजव्या बुटाच्या टाचेला लोखंडी नाल होती, त्यामुळे जिन्यावर त्याची पावलं एक हलकं, एक जड अशी वाजत. मिहरान दोन दिवस घरी आला नव्हता आणि खोरेन त्याला शोधायला गेला होता. तिला पावलं ऐकू आली. खालचा मजला, वळण, त्यांचा मजला. आणि दाराबाहेर ती थांबली.

इथे अझनिव बोलायची थांबली.

कपात कॉफी होती, तिच्याकडे तिचा हात गेला नाही. ती कुणाच्या कानाकडेही बघत नव्हती. मला माझाच श्वास मोठा वाटायला लागला. आणि या अवधीत आमचे दिग्दर्शक काय करत होते? आई बोलत नाही म्हणजे काही घडत नाही, असा हिशेब करून त्यांनी गारोला बोटाने खूण केली. ट्रॉली जोरात फिरली, कॅमेरा आईच्या चेहऱ्यावरून उठला, फ्रिजवरून, खिडकीवरून, छतावरच्या पंख्यावरून गेला आणि दुसऱ्या बाजूने परत आला. तोवर ती पुन्हा बोलायला लागली होती.

"अप्रतिम!" नुबार ओरडला. "कट!"

ओफेलियाने हेडफोन काढले. "फ्रिज फार सुंदर आलाय," ती म्हणाली. "चाकंही छान बोललीत. मध्ये मध्ये तुझी आई पण आहे."

मग तिने आणखी एक मागणी केली. सगळ्यांनी आहे तिथे गप्प उभं राहायचं आणि तिला खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करू द्यायची. हीसुद्धा त्यांच्यातली रीत. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते म्हणे, आणि पुढे तुकडे जोडताना तीच मधल्या फटींत भरावी लागते.

"शांततेचं काय रेकॉर्ड करायचं?" नुबार हसला. "आवाज शून्यावर नेला की झाली शांतता."

"आवाज शून्यावर नेला की लोकांना वाटतं मशीन बिघडलं."

"सगळ्यांनी जेवून घ्या!" नुबार म्हणाला, आणि गारो तत्परतेने खिम्याच्या रोट्यांवर तुटून पडला.

आईचे डोळे आहेत तोवर करायचं म्हणून घाई केलेल्या या माणसाने पुढचा सगळा हिवाळा रंग सुधारण्यात घालवला. गालावरचा पिवळा अधिक पिवळा करायचा, मग कमी करायचा. मी विचारलं की म्हणायचा, "बाई, कलेला वेळ लागतो." तिकडे अझनिवच्या डोळ्यांतला डाग काठापर्यंत पसरत गेला. ईस्टरला लाल अंडी समोर असताना तिने मला विचारलं, "अंडी लाल रंगवलीत ना?" तेव्हा मला कळलं की आता तिला रंग दिसत नाहीत.

चर्चच्या सभागृहात चित्रपट दाखवला. गर्दी चांगली होती. आमच्याकडे फुकट काही असलं की असते. नुबारने पांढरा कोट घातला होता. आई पहिल्या रांगेत, शेजारी मी. ओफेलिया मागे दाराशी उभी होती. तिने खुर्ची घेतली नाही.

दिवे गेले. पडद्यावर अझनिव गोल फिरायला लागली. "काय शॉट आहे!" मागून बेद्रोस म्हणाले. फ्रिजचा उजेड दिसला, पुन्हा "वा!" झालं. घरघर झाकायला नुबारने वर दुदुक घातला होता. दुदुक म्हणजे आमची ती रडवी पिपाणी. कुणी मेलं की वाजते, न मेलं तरी वाजते. जिथे अझनिव थांबली होती, नेमकी तिथे ती पिपाणी हंबरडा फोडायला लागली आणि कॅमेरा पंख्याकडे उडाला. तीन-चार बायकांनी रुमाल काढले.

अझनिवने माझा हात दाबला. "हे काय आहे?"

"दुदुक."

"ते कळलं. जिन्यावर कोण वाजवतंय? आमच्या इमारतीत कुणाला येत नव्हता दुदुक."

"हळू बोल."

"आणि हा ट्रक कसला?"

तिने मान वाकडी करून ऐकलं, आणि मग सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अय्या, हा तर माझा फ्रिज!"

लोक हसले. नुबारही हसला, कारण सगळे हसत होते.

टाळ्या भरपूर झाल्या. बेद्रोसनी भाषण केलं. अझनिव शेवटपर्यंत बसून राहिली आणि नुबार जवळ आला तेव्हा तिने त्याच्या बाहीला हात लावून विचारलं, "माझी गोष्ट कुठे आहे रे?"

"आई, आत्ता तर बघितलीस."

"मला दिसत नाही, नुबार. मी ऐकायला आले होते." ती शांतपणे बोलत होती, पण तिच्या मुलाचा रंग उतरत गेला. "वीज नव्हती त्या संध्याकाळी. फ्रिज बंद होता, पंखा बंद होता, रस्त्यावर गाडी नव्हती. म्हणून तर मला पावलं ऐकू आली. खोरेन दाराबाहेर उभा राहिला, तेवढा वेळ मला माहीत नव्हतं की मिहरान आहे की नाही. तेवढाच वेळ होता माझ्याकडे. आणि तू त्यात फ्रिज घातलास."

पांढऱ्या कोटातला माणूस किती लवकर बावळट दिसायला लागतो, हे मी त्या दिवशी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या दारात उभा. "बाई, तुम्ही आईला सांगा ना. एकदाच. पुन्हा एकदाच सांग म्हणावं."

"मी नाही सांगणार."

"का?"

"ओठ हललेले दिसतात की तिचे."

तो खाली मान घालून माझ्या कुंडीतली सुकलेली पानं तोडत राहिला. मग समोरच्या दारात गेला, आणि आतून मला सगळं ऐकू आलं.

"नाही म्हणजे नाही. भावाच्या मरणाची गोष्ट म्हणजे काय काउंटरवरची कॉफी आहे, दुसरा कप द्या म्हणायला?"

शेवटी त्याला ओफेलियाकडे जावं लागलं. त्या दोघांत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. तो तिच्याकडे बकलावा मिठाईचा डबा घेऊन गेला होता आणि तिने डबा ठेवून घेऊन त्याला व्हरांड्यात उभं केलं, एवढं गारोकडून कळलं. ती म्हणाली, शब्द मी धुऊन देते, ते आहेत. पण ती मधली शांतता मेलेली आहे. ती नव्याने आणावी लागेल, त्याच खोलीतून, तुझी आई त्याच खुर्चीत बसलेली असताना. तिला बोलायचं नाही. नुसतं बसायचं.

अझनिव म्हणाली, "बोलायचं नाही? मग बसते. बाईंनाही बोलवा. गप्प बसायला सोबत लागते."

रविवार ठरला, कारण रविवारी आमच्याकडे माळी येत नाहीत आणि पानं उडवायची त्यांची भोंगेवजा यंत्रं बंद असतात. चर्चहून आल्यावर आम्ही चौघं स्वयंपाकघरात बसलो. रूळ नव्हते, गारो नव्हता. ओफेलियाने भिंतीवरचं घड्याळ काढून बाथरूममध्ये टॉवेलात गुंडाळून ठेवलं, नळाखाली फडकं ठेवलं आणि नुबारकडे बघितलं. नुबारने फ्रिजचं बटण बंद केलं, दार उघडलं. आत काळोख होता. दह्याच्या पातेल्याशेजारी त्याने किल्ल्या ठेवल्या आणि दार लावलं.

फ्रिजने एकदा अंग झटकलं आणि तो गप्प झाला. तो इतकी वर्षं किती बोलत होता, हे तेव्हा समजलं.

सुरुवातीला काही वाटलं नाही. मग दूर एक विमान गेलं. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली. मग तेही संपलं. खोलीला तिचा असा एक बारीक सूर होता, भांड्यात पाणी भरत आल्यावर येतो तसा. नुबारच्या मांडीवर कॅमेऱ्याची पिशवी होती. ती घरी ठेवून येणं त्याला जमलं नव्हतं.

आणि अझनिव बोलायला लागली.

कुणी तिला सांगितलं नव्हतं. ती त्याच आवाजात बोलत होती ज्या आवाजात ती मला गुडघ्याबद्दल विचारते. "पावलं आली. एक हलकं, एक जड. खालचा मजला. वळण. मग आमच्या मजल्यावर. आणि थांबली."

ती थांबली.

नुबारचा हात पिशवीच्या चेनवर गेला. मी पाहिलं, ओफेलियाने पाहिलं. आईच्या गालावर त्या वेळी खिडकीचा उजेड होता, खराखुरा, कुणी न पाडलेला. असा उजेड बघून हा माणूस आयुष्यात कधी स्वस्थ बसलेला नव्हता. पण चेन उघडली असती तर तिचा आवाज झाला असता. ओफेलिया हलू शकत नव्हती, तिच्या हातात माईक होता. ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली. त्याची बोटं चेनच्या टोकावर होती. त्याने डोळे मिटले, आणि बोटं तिथेच राहिली.

बऱ्याच वेळाने अझनिव म्हणाली, "मग त्याने दार वाजवलं. किल्ली त्याच्या खिशात होती. स्वतःच्या घराचं दार कोण वाजवतं? तेव्हा मला कळलं."

ओफेलियाने आणखी थोडा वेळ माईक तसाच धरला, मग खाली घेतला. "मिळालं, दोन्या अझनिव," ती आपल्या मेक्सिकन रीतीने मान देत म्हणाली. नुबारला उठता येईना, त्याच्या पायाला मुंग्या आल्या होत्या. तो खुर्चीला धरून लंगडत उठला, आईच्या डोक्याचं चुंबन घेतलं आणि निघून गेला. लगेचच परत आला. किल्ल्या फ्रिजमध्ये होत्या, आणि फ्रिज चालू करायचा राहिला होता. म्हणजे त्या लोकांची रीत बरोबर आहे.

आता आवाज मिळाला होता, पण त्यावर चित्र नव्हतं. माझी समजूत होती की माणूस शहाणा झाला असेल. पण दोन दिवसांत तो धूर सोडायचं यंत्र भाड्याने कुठे मिळेल ते विचारत फिरत होता. त्याला बेरूतचा जिना उभा करायचा होता. मेणबत्त्या, धूर, लोखंडी नालेचे बूट.

अझनिव म्हणाली, "मी जिना बघत नव्हते. मी आत होते. दाराकडे बघत होते. दुसरं काय बघणार?"

त्याने मग तिच्या खुर्चीत बसून, तिच्या डोळ्यांच्या उंचीवरून, स्वयंपाकघराचं बंद दार चित्रित केलं. एकदा कॅमेरा दाराकडे हळूहळू सरकवत, एकदा जागेवर ठेवून. दोन्ही मला दाखवली. पहिल्यात कॅमेरा पुढे जायला लागला की आपल्याला वाटतं, आता काहीतरी दिसणार, आणि आपण बघत बसतो. दुसऱ्यात दाराशिवाय काहीच नाही, त्यामुळे थोड्या वेळाने आपले कान उघडतात. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "बाई, कॅमेरा हलला की पावलं थांबलेली कळत नाहीत."

पन्नाशी उलटल्यावर का होईना, पोराने उत्तर स्वतः काढलं. मी मनातल्या मनात त्याला पास केलं.

चर्चच्या सभागृहात पुन्हा दाखवलं तेव्हा गर्दी कमी होती. एकदा फुकट बघितलेलं कोण पुन्हा बघतं. दार दिसलं. अझनिवचा आवाज आला. पावलं आली, थांबली. दार दिसत राहिलं. दुदुक नाही, फ्रिज नाही, फक्त त्या खोलीचा तो बारीक सूर. एक बाई खोकायला लागली होती, तिने खोकला गिळला. बेद्रोसना वाटलं मशीन बंद पडलं, ते मदतीला उठायला लागले, तर त्यांच्या बायकोने त्यांना कोटाला धरून खाली बसवलं. अझनिव माझ्या शेजारी मान वाकडी करून बसली होती. तिचे ओठ मिटलेले होते. मग पडद्यावरच्या अझनिवने सांगितलं की त्याने दार वाजवलं, आणि शेजारची अझनिव मला हळूच म्हणाली, "हो. एवढाच वेळ उभा होता तो."

नुबार मागे उभा होता. मी वळून त्याला ते सांगितलं. त्याने मान हलवली आणि बाहेर जाऊन बराच वेळ गाड्यांच्या मध्ये उभा राहिला.

इथे थांबले तर तुम्हाला वाटेल, माणूस बदलला. छे! आठवड्याभरात तो सगळ्या ग्लेनडेलला शांततेवर व्याख्यान देत होता. बेकरीच्या रांगेत, पेट्रोल भरताना, बेद्रोसच्या खुर्चीत तोंड उघडं असताना. "लोकांना वाटतं सिनेमा ही डोळ्यांची कला आहे," तो डोळे अर्धे मिटून म्हणायचा. शांतता जणू त्यानेच शोधून काढली होती आणि त्याआधी जगात नुसते फ्रिज होते. बोटांची चौकट सुटली, पण तिच्याऐवजी आता तो कुठेही गेला की एक बोट वर करून सगळ्यांना गप्प करतो आणि खोली ऐकतो. माझ्याकडे आला की माझा फ्रिज ऐकतो. म्हणतो, "बाई, तुमच्या फ्रिजचा सूर जरा खालचा आहे." ओफेलियाचं नाव तो घेतो, नाही असं नाही, 'माझी एक सहकारी' असं घेतो. ओफेलियाला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बोलू दे. बोलतोय तोवर कॅमेरा तरी फिरवत नाही."

अझनिवला आता उजेड आणि काळोख एवढंच कळतं. ती रोज संध्याकाळी रेडिओ ऐकते आणि माझा गुडघा ओळखते.

नुबार अजून शनिवारी लग्नांचे व्हिडिओ करतो, आणि लग्न लागण्याआधी नवरीच्या मुकुटाच्या फितीत एक छोटा माईक शिवून घेतो.